बटाट्यातले कॅटलेज: तापमान आणि सामूचा परिणाम मोजताना आकडे कुठे फसवतात

प्रश्न थोडक्यात असा: बारावीच्या प्रकल्पासाठी बटाट्याच्या चकत्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून सुटणारा प्राणवायू मोजला. २० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत आलेख जवळजवळ सपाट आला. ६० अंशांना वायू कमी व्हायचा तो उलट वाढला. सामू (pH) ४ आणि सामू ९ यांत फरकच दिसला नाही. शिवाय उकळलेल्या चकत्यांनीही थोडे बुडबुडे सोडले. पुस्तकात घंटेसारखा आलेख असतो, तो का मिळत नाही?

ही चारही निरीक्षणे खरी असू शकतात, त्यामुळे वही फाडू नका. घोळ इतकाच की मोजपात्रात जमलेला वायू म्हणजे थेट एन्झाइमचा वेग नव्हे. त्यात एन्झाइम आहे, पेरॉक्साइड चकतीत किती वेगाने झिरपते ते आहे, पेशींची पटले शाबूत आहेत की फाटली ते आहे आणि फ्लास्कमधली हवा तापून फुगली तेही आहे. हे एकेक वेगळे काढले की आलेख सरळ होतो. पुस्तकातल्याइतका देखणा मात्र होत नाही, कारण कॅटलेज हे एन्झाइमच जरा वेगळ्या स्वभावाचे आहे.

कॅटलेज पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करते. पेशीत ते मुख्यतः पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशव्यांमध्ये असते. चार उपएकके, प्रत्येकात लोह असलेला एक हीम गट. वेग प्रचंड, एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडतो. या प्रक्रियेची सक्रियण ऊर्जा (प्रक्रिया सुरू व्हायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) एन्झाइममुळे फारच खाली येते आणि तुमच्या पहिल्या कोड्याचे अर्धे उत्तर इथेच आहे. ‘दर १० अंशांना वेग दुप्पट’ हा नियम सक्रियण ऊर्जा मोलमागे ५० किलोज्यूलच्या आसपास असेल तिथे लागू पडतो. कॅटलेजची त्याच्या निम्मीही नसते. ती २३ धरली तर २० वरून ३० अंशांना जाताना वेग जेमतेम १.४ पट होतो. त्यात चकत्या वापरल्यात, म्हणजे वेग ठरवणार पेरॉक्साइडचे आत झिरपणे, आणि पाण्यातले झिरपणे १० अंशांना साधारण सव्वा पटच वाढते. २० ते ५० मध्ये सपाट दिसणारी रेघ म्हणजे बहुतेक हीच मंद चढण, आणि ती मोजमापाच्या चुकीत बुडून जाते. ती दिसायला हवी असेल तर मोजमापच नेटके करावे लागेल.

आधी साहित्य. मेडिकलच्या दुकानात मिळणारे पेरॉक्साइड बहुधा ६ टक्के असते, बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेले असते. अर्थ असा की १ मिली द्रावण पूर्ण फुटले तर २० मिली प्राणवायू मिळतो (शून्य अंश आणि एक वातावरण दाबाला मोजलेला). हा आकडा फार उपयोगी आहे: ६ टक्क्यांचे ५ मिली टाकलेत तर जास्तीत जास्त १०० मिली वायू, ३० अंशांना तोच सुमारे १११ मिली. याच्यावर गेलात तर वायू दुसरीकडून आला. उघडलेली, उन्हात राहिलेली बाटली महिन्या-दोन महिन्यांत कमजोर होते, म्हणून सगळा प्रयोग एकाच नव्या बाटलीतून करा आणि ती फ्रिजमध्ये ठेवा. ६ टक्के द्रावणाने बोटे पांढरी पडून चुरचुरतात, डोळ्यांत गेले तर त्याहून वाईट. हातमोजे आणि चष्मा हवाच. प्रयोगशाळेतल्या ३० टक्क्यांच्या बाटलीला विद्यार्थ्यांनी हात लावू नये, ते काम शिक्षकांचे.

बटाट्याचे तुकडे सुरीने अंदाजे कापले तर सगळे वाया. ८ मिमी व्यासाच्या कॉर्क बोररने (बुचाला भोक पाडायच्या धारदार नळीने) नळकांडी काढा आणि खाली आलेख कागद ठेवून ब्लेडने बरोबर २ मिमीच्या चकत्या पाडा. दहा चकत्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे १५ चौरस सेंमी होतो. त्याच बटाट्याचे २० मिमीचे अखंड नळकांडे घेतले तर वजन तितकेच, पण पृष्ठभाग फक्त ६ चौरस सेंमी. म्हणजे नुसत्या कापण्यातून अडीचपट फरक पडतो, आणि तुम्ही शोधत असलेला तापमानाचा फरक याहून लहान आहे! दहा चकत्यांचे वजन साधारण १.१ ग्रॅम भरते. प्रत्येक संच तोलून पाहा, १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर जाडी चुकली आहे. कापल्यावर चकत्या गार पाण्यात तीनदा खळबळून घ्या आणि टिपकागदावर टिपा. कापताना फुटलेल्या पेशींचा रस वर राहिला की पहिल्या दहा सेकंदांत फेस उसळतो आणि मग वेग एकदम बसतो. तो फेस तुमच्या ब्लेडचा, चकतीतल्या एन्झाइमचा नाही.

मांडणी अशी ठेवा. १०० मिलीचा कॉनिकल फ्लास्क, त्यात दहा चकत्या आणि सामू ७ चे १५ मिली बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण). दोन भोकांचे रबरी बूच, एका भोकातून सिरिंजची सुई किंवा नळी, दुसऱ्यातून वायू नेणारी नळी. ती पाण्यात उलट्या धरलेल्या ५० मिलीच्या मोजपात्रात. सिरिंजने ६ टक्क्यांचे ५ मिली पेरॉक्साइड आत सोडायचे, म्हणजे फ्लास्कमध्ये १.५ टक्के होते. सोडलेले ५ मिली द्रव ५ मिली हवा बाहेर ढकलतेच, ती वजा करा किंवा सोडून झाल्यावरच्या वाचनाला शून्य माना. दर १० सेकंदांनी २ मिनिटे वाचन. वेग काढायचा तो सुरुवातीच्या सरळ भागाच्या चढावरून. ‘५ मिनिटांत एकूण किती’ यावरून काढू नका, कारण ५ मिनिटांत जोरदार संचातले पेरॉक्साइडच संपत आलेले असते आणि सगळे संच सारखे दिसू लागतात. सपाट आलेखाचे हेही एक नेहमीचे कारण आहे.

पहिली काही सेकंदे वायू अडखळतो, कारण २० मिली द्रवात अर्धा-पाऊण मिली प्राणवायू आधी विरघळून बसतो. फ्लास्क सगळ्या संचांत सारखाच हलवत राहा, सेकंदाला एक हलका गोल फेरा. एका संचात हलवला आणि दुसऱ्यात नाही, तर तुलना संपली. प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये वायू गोळा करणेही टाळा, दट्ट्या चिकटतो आणि मग दोन मिलीची उडी मारतो.

आता ६० अंशांचे कोडे. इथे निदान तीन गोष्टी एकत्र येतात.

पहिली अगदी साधी. फ्लास्कमध्ये द्रवाच्या वर, गळ्यातली जागा धरून, सुमारे १०० मिली हवा आहे. ३० अंशांच्या खोलीतला फ्लास्क बूच लावून ६० अंशांच्या पाण्यात ठेवलात तर ती हवा फुगून जवळजवळ १० मिली बाहेर पडते. एन्झाइम नाही, पेरॉक्साइड नाही, तरी मोजपात्रात १० मिली! शिवाय ६० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या सुमारे एकपंचमांश असतो, ती भर वेगळीच. उपाय: फ्लास्क, बफर आणि चकत्या नळी उघडी ठेवून त्या तापमानाला आधी आणा, पेरॉक्साइडची सिरिंजही त्याच पाण्यात बुडवून ठेवा, वाचन स्थिर झाले की मगच सुरुवात करा. गार पेरॉक्साइड गरम फ्लास्कमध्ये सोडले तर उलटे होते, हवा आकसते आणि मोजपात्रातले पाणी नळीत चढते.

दुसरी गोष्ट पेशींची. ५० अंशांच्या पुढे पेशीपटले फाटायला लागतात. बघायचे असेल तर बिटाच्या धुतलेल्या चकत्या ४०, ५०, ६० अंशांच्या पाण्यात पाच-पाच मिनिटे ठेवा. ४० चे पाणी जवळजवळ स्वच्छ, ६० चे गडद गुलाबी. बटाट्यात रंग नाही म्हणून दिसत नाही, पण घडते तेच. पटल फाटले की पेरॉक्साइडला आत जायला आणि एन्झाइमला बाहेर यायला वाट मोकळी होते. एन्झाइम काही प्रमाणात मेलेले असले तरी उरलेल्याची गाठ पेरॉक्साइडशी सहज पडते आणि वायू वाढतो. फ्रीझरमध्ये गोठवून वितळवलेली चकती ताज्या चकतीपेक्षा जास्त फसफसते, तिथेही कारण हेच. म्हणून चकत्यांवरच्या प्रयोगाला ‘एन्झाइमवर तापमानाचा परिणाम’ म्हणण्यापेक्षा ‘ऊतीवर तापमानाचा परिणाम’ म्हणणे प्रामाणिक.

तिसरी, पेरॉक्साइड तापल्यावर आपणहून थोडे फुटते. म्हणून प्रत्येक तापमानाला उकळलेल्या चकत्यांचा जोडसंच (कंट्रोल, म्हणजे एन्झाइम मेलेला तुलनेचा संच) हवा. एकच जोडसंच ३० अंशांना करून तोच सगळीकडे वजा करणे चालत नाही.

उकळलेल्या चकत्यांचे बुडबुडे का, तेही इथेच पाहू. २ मिनिटे उकळलेले जाड नळकांडे मधून कच्चे असू शकते. चकत्या करूनच १० मिनिटे उकळा. चकतीतल्या पोकळ्यांमधली हवा बाहेर येते. खरखरीत पृष्ठभागावर विरघळलेला वायू बुडबुडे धरतो, कोरड्या खडूचा तुकडा टाकला तरी धरेल. पण सर्वांत जास्त चकवणारे कारण परीक्षानळीत असते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या काचसामानावर पोटॅशियम परमँगनेटचा तपकिरी थर असू शकतो, उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. तो मँगनीज डायऑक्साइड, आणि ते पेरॉक्साइड फोडणारे पक्के उत्प्रेरक आहे. रिकाम्या नळीत ५ मिली पेरॉक्साइड ओतून मिनिटभर पाहा. काचेच्या एकाच ठिकाणाहून बुडबुड्यांची माळ निघत असेल तर ती नळी बाजूला. सौम्य आम्लात थोडे ऑक्झॅलिक आम्ल घालून कोमट करून त्याने धुतले की थर जातो, नंतर भरपूर पाण्याने. लोह जास्त असलेले बोअरचे पाणीही वापरू नका, ऊर्ध्वपातित पाणी घ्या.

इतके करून चकत्यांचा प्रयोग नीट होईल. तरी तापमानाने एन्झाइमचे काय होते ते खरोखर पाहायचे असेल तर अर्क काढा. ५० ग्रॅम सोललेला बटाटा, बर्फात ठेवलेले सामू ७ चे ५० मिली बफर, मिक्सरमध्ये दहा-दहा सेकंद तीनदा. सलग अर्धा मिनिट फिरवला तर भांडे कोमट होते. दुहेरी मलमलीतून गाळा, ५ मिनिटे स्थिर ठेवा, तळाचा स्टार्च सोडून वरचे पाणी घ्या, बर्फात ठेवा. अर्क आधी गुलाबीसर आणि मग तपकिरी होत जातो. हे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या दुसऱ्या एन्झाइमचे काम, आणि त्यातून तयार होणारी क्विनोन प्रथिनांना चिकटून बाकीची एन्झाइमेही मंदावतात. अर्क दोन तासांत संपवा. काळा पडू नये म्हणून त्यात लिंबू किंवा क जीवनसत्त्वाची गोळी टाकायचा मोह होतो, टाकू नका. का ते पुढे येतेच.

यकृत वापरणार असाल तर कलेजीत कॅटलेज कितीतरी जास्त असते, १ ग्रॅम १०० मिलीत वाटून आणखी दहापट पातळ करा आणि तिथून कमी-जास्त करा. नाहीतर पेरॉक्साइड टाकताच फेस फ्लास्कबाहेर आणि मोजायला काही उरत नाही.

मोजायला सर्वांत स्वस्त पद्धत गाळणकागदाच्या टिकल्यांची. ऑफिसातल्या पंचिंग मशीनने एकाच कागदाच्या टिकल्या पाडा, चिमट्याने अर्कात ५ सेकंद बुडवा, टिपा, आणि ५० मिलीच्या बीकरमध्ये ४० मिली १ टक्का पेरॉक्साइडच्या तळाशी नेऊन सोडा. प्राणवायूचे बुडबुडे टिकलीखाली जमतात आणि ती वर येते. वर यायला लागलेल्या वेळाचा व्यस्त म्हणजे सापेक्ष वेग. ३० अंशांना १५ ते २० सेकंद लागतील इतका अर्क पातळ करा. ३ सेकंदांत वर येणारी टिकली कामाची नाही, कारण घड्याळ दाबायची चूकच दहा टक्क्यांची. ३ मिनिटांत न आलेली टिकली ‘शून्य’ लिहा. प्रत्येक स्थितीला निदान पाच टिकल्या.

यापेक्षा भरवशाची पद्धत परमँगनेटच्या अनुमापनाची (टायट्रेशनची). बारावीच्या प्रयोगशाळेत सगळे असते. सुटलेला वायू मोजण्याऐवजी उरलेले पेरॉक्साइड मोजायचे. मग हवेचे फुगणे, वाफ, विरघळलेला प्राणवायू, हलवणे, सगळ्या कटकटी एका झटक्यात जातात.

६ टक्क्यांच्या पेरॉक्साइडचे २.८ मिली सामू ७ च्या बफरमध्ये १०० मिली करा, साधारण ०.०५ मोलर मिळते. त्याचे १० मिली कॉनिकल फ्लास्कमध्ये, हव्या त्या तापमानाला ५ मिनिटे. अर्धा मिली अर्क टाकून घड्याळ सुरू. बरोबर ६० सेकंदांनी १ मोलर गंधकाम्लाचे ५ मिली एकदम ओता, एन्झाइम तिथेच थांबते. मग ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटने अनुमापन, फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबा. १ मिली परमँगनेट म्हणजे ०.०५ मिलिमोल पेरॉक्साइड. कोरे वाचन (ब्लँक, म्हणजे एन्झाइमला काम करू न देता घेतलेले) घेताना आधी आम्ल आणि मग अर्क टाका, क्रम उलटा. समजा कोरे वाचन ९.८ मिली आणि ६० सेकंदांनंतरचे ७.६ मिली, फरक २.२, म्हणजे मिनिटाला ०.११ मिलिमोल पेरॉक्साइड फुटले. सुरुवातीच्या पेरॉक्साइडपैकी २० ते २५ टक्क्यांहून जास्त खर्च होत असेल तर अर्क आणखी पातळ करा. पहिला थेंब टाकल्यावर रंग जायला वेळ लागतो, घाबरू नका. थोडे मँगनीज आयन तयार झाले की पुढे पटापट जातो. क जीवनसत्त्व का नको ते आता कळेल, ते स्वतःच परमँगनेट खाते.

आता मुद्द्याचे. ‘इष्टतम तापमान’ असा एक ठरलेला अंक एन्झाइमच्या अंगावर छापलेला नसतो. तापमान वाढले की दोन वेगळी कामे सुरू होतात: एन्झाइम जास्त वेगाने चालते, आणि त्याच वेळी ते उलगडून कायमचे बिघडत जाते. पहिला परिणाम लगेच दिसतो, दुसऱ्याला वेळ लागतो. म्हणून ५५ अंशांना १५ सेकंदांत मोजलेत तर वेग ३५ पेक्षा जास्त दिसू शकतो आणि त्याच ५५ ला १५ मिनिटे ठेवून मोजलेत तर खूप कमी. आलेखाचा माथा तुमच्या घड्याळानुसार सरकतो! टिकलीच्या पद्धतीत अर्क गरम पेरॉक्साइडमध्ये काही सेकंदच असतो, म्हणून तिथे माथा उजवीकडे. १० मिनिटे आधी तापवलेल्या अर्कात तो डावीकडे. दोन गटांचे ‘इष्टतम’ ४० आणि ५० आले म्हणून कुणीतरी चुकले असे होत नाही.

हे दोन परिणाम वेगळे करायला दोन संच घ्या. पहिल्यात ५, १५, २५, ३५, ४५, ५५, ६५ अंशांना थेट वेग मोजा, मोजण्याचा काळ शक्य तितका छोटा, ६० ऐवजी ३० सेकंद. दुसऱ्यात अर्क ५५ अंशांना ०, १, २, ५, १० मिनिटे ठेवा, ताबडतोब बर्फात टाका आणि सगळ्यांचा वेग ३० अंशांनाच मोजा. हा संच ४५ आणि ६५ लाही करा. उरलेल्या वेगाचा लॉगॅरिदम काळासमोर मांडला तर बहुतेक वेळा सरळ उतरती रेघ येते. ४५ ची जवळजवळ आडवी, ६५ ची कड्यासारखी. गार केल्यावर वेग परत आला नाही म्हणजे बिघाड कायमचा. ५ अंशांना मंदावलेला अर्क ३० ला आणला की पूर्ववत चालतो, म्हणजे थंडीने एन्झाइम मरत नाही. मुलांच्या उत्तरपत्रिकेत ‘कमी तापमानाला एन्झाइम नष्ट होते’ हे वाक्य हटकून सापडते, या संचाने ते एकदाचे निकालात निघते.

यात एक बारीक खाच आहे. बर्फातला अर्धा मिली अर्क ५५ अंशांच्या साडेचार मिली बफरमध्ये टाकला की मिश्रण क्षणभर ५० अंशांच्या खाली येते. एका मिनिटाच्या वाचनात ते मिसळून जाते आणि बिघाड कमी दिसतो. त्याऐवजी अर्क न पातळ करता त्याचे ०.२ मिली ४.८ मिलीत टाका, घसरण दोन अंशांवर येते. नळ्या पातळ काचेच्या घ्या, आणि तापमापी नळीतच बुडवा. बाहेरच्या पाण्याचे तापमान लिहिणे ही सरसकट होणारी चूक. वॉटर बाथ नसेल तर झाकणाच्या थर्मल डब्यात दोन लिटर पाणी घ्या, १० मिनिटांत एखाद-दुसरा अंशच उतरते, उकळते पाणी घालून भरून काढता येते. ‘खोलीचे तापमान’ असे कधीही लिहू नका. नागपुरात मेमध्ये नळाचे पाणी ३५ अंशांच्या घरात असते, महाबळेश्वरला जानेवारीत त्याच्या निम्मेही नाही.

सामूचे कोडे सोपे आहे. बटाट्याच्या पेशीचे स्वतःचे बफर असते, रसाचा सामू ६ च्या आसपास. बाहेर सामू ४ किंवा ९ चे द्रावण ओतले तरी २ मिनिटांत चकतीच्या आतला सामू फारसा हलत नाही. त्यात बफर न वापरता व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा घेतला असेल तर आणखी गोंधळ: बाजारातल्या पेरॉक्साइडमध्ये टिकाऊपणासाठी थोडे आम्ल असते, सोड्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तुम्ही तो प्राणवायू म्हणून मोजता.

तेव्हा सामूसाठी चकत्या सोडा आणि अर्क घ्या, तोही थोडा, बफर भरपूर. सामू ४ ते ८ साठी सायट्रेट-फॉस्फेट बफर उत्तम. सायट्रिक आम्ल ०.१ मोलर (एका पाण्याचा रेणू असलेले, लिटरला २१ ग्रॅम) आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ०.२ मोलर. फॉस्फेटची बाटली नीट वाचा: निर्जल असेल तर लिटरला २८.४ ग्रॅम, दोन पाण्याचे असेल तर ३५.६, बारा पाण्याचे असेल तर ७१.६. इथे चुकले की पुढचे सगळे सामू सरकतात. २० मिली बफरसाठी फॉस्फेट आणि सायट्रिक यांचे प्रमाण मिलीमध्ये असे: सामू ४ ला ७.७१ आणि १२.२९, ५ ला १०.३० आणि ९.७०, ६ ला १२.६३ आणि ७.३७, ७ ला १६.४७ आणि ३.५३, ८ ला १९.४५ आणि ०.५५. त्याच्या वर ९ आणि १० साठी ग्लायसिन आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे बफर घ्या. बफर बदलला की आयनही बदलतात, म्हणून दोन्ही बफर जिथे भेटतात तिथला एक बिंदू दोन्हींमध्ये करा. वेग जुळला तर पुढची तुलना ग्राह्य. सगळे मिसळल्यावर सामू पुन्हा तपासा. कागदी पट्टी चालेल, पण अर्धा एकक इकडेतिकडे धरूनच.

आम्लात कॅटलेज लवकर हार मानते, साधारण ६ ते ८ मध्ये ऐसपैस चालते. त्यामुळे इथेही टोकदार घंटा न येता पठार येईल, आणि सामू ६.५ व ७.५ मध्ये फरक सापडला नाही म्हणून प्रयोग फसला असे समजू नका. आम्लारीच्या बाजूला मात्र पेरॉक्साइड स्वतःच अस्थिर होते, सामू १० ला उकळलेल्या अर्काचा जोडसंच नसेल तर तो बिंदू लिहूच नका. अर्क सामू ४ ला ५ मिनिटे ठेवून परत ७ ला आणून मोजला तर तापमानासारखेच इथेही कळते, एन्झाइम फक्त मंदावले होते की बिघडले.

पेरॉक्साइडची तीव्रता बदलून पाहणार असाल तर आणखी एक इशारा. पुस्तकात वेग वाढत वाढत एका पातळीवर स्थिरावतो. कॅटलेज असे सहजासहजी स्थिरावत नाही. बऱ्याच तीव्रतेपर्यंत वेग वाढतच राहतो आणि पुढे जास्त पेरॉक्साइडच एन्झाइमला बिघडवू लागते. ३ टक्के द्रावण म्हणजे ०.८८ मोलर, पेशीत असते त्याच्या कित्येक हजार पट. ठरावीक पठार दाखवायचेच असेल तर अमायलेज निवडा, कॅटलेजवर जबरदस्ती नको. आणि अवरोधक (एन्झाइमचे काम अडवणारा पदार्थ) म्हणून आंतरजालावर सोडियम अझाइड किंवा सायनाइड सुचवलेले दिसेल: जीवघेणी विषे आहेत, शाळा-कॉलेजात त्यांचे नावही नको. मोरचूद वापरलेत तर तांब्याचे आयन स्वतः पेरॉक्साइड फोडू शकतात, त्यांचाही जोडसंच लागेल.

पुनरावृत्तीचे गणित बहुतेक अहवालांत चुकते. एकाच बटाट्याच्या तीन चकत्या म्हणजे तीन नमुने नव्हेत, एकाच नमुन्याची तीन वाचने. बटाट्या-बटाट्यांत फरक मोठा असतो: शीतगृहातून आलेला, कोंब फुटलेला, सालीजवळचा भाग, मधला पाणचट भाग. म्हणून एका बटाट्यातून सगळ्या तापमानांचे संच काढा, आणि तसे निदान तीन बटाटे घ्या. प्रत्येक बटाट्याचा वेग त्याच्याच ३० अंशांच्या वेगाने भागा, मग सरासरी. तापमाने ५ पासून ६५ पर्यंत क्रमाने घेऊ नका, चिठ्ठ्या टाकून घ्या. क्रमाने घेतलीत तर शेवटच्या संचापर्यंत अर्क दोन तास जुना झालेला असतो आणि ६५ ला दिसणारी घसरण तापमानाची की शिळ्या अर्काची, हे सांगता येत नाही. मध्येमध्ये ३० अंशांचे वाचन परत घ्या. ते १० टक्क्यांहून जास्त खाली आले की अर्क टाकून द्या आणि नवा काढा.

अहवालात माथ्याच्या अंकाशेजारी अर्क त्या तापमानाला किती वेळ होता आणि वेग किती सेकंदांत मोजला, हे दोन्ही लिहा. तुमचे आधीचे ६० अंशांचे वाचनही काढून टाकू नका. चकत्यांच्या आलेखात ते तसेच ठेवा, शेजारी उकळलेल्या चकत्यांचे आणि नुसत्या तापलेल्या फ्लास्कचे वाचन मांडा, आणि त्याखाली अर्काचा आलेख लावा.